हकीमसाबांनी सांगितलेला सिनेमा

लग्न होऊन मी बोरीहून सेलूला आले, तेव्हा मला सतरावं लागलं होतं. माहेर शेतकऱ्याचं, सासर कापडदुकानदाराचं. दोन्हीकडं गळ्यात लिंग आणि कपाळाला विभूती, त्यामुळं पूजाअर्चेत मला नवं असं काही शिकावं लागलं नाही. नवे होते ते आवाज. कापसाचा हंगाम आला की जिनिंगच्या इंजिनाचे ठोके दिवसभर कानावर पडत आणि अधूनमधून रेल्वेची शिट्टी. घरात माणसं मोजकीच. सासरे आधीच वारलेले. सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं आत्याबाई म्हणायची.

दुसऱ्या वर्षी भादव्यात हे माल आणायला जालन्याला गेले. जाताना म्हणाले, "उद्याच्या गाडीनं येतो." त्या रात्री धो धो पाऊस झाला. वर कुठंतरी रुळाखालची माती वाहून गेली आणि गाड्याच बंद पडल्या. स्टेशनावर विचारलं तर कुणाला काही ठाऊक नव्हतं. आत्याबाई जप करत बसल्या, मी दारात बसले. अखेर एका दुपारी हे आले. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल, हातात केळ्यांची फणी. मधलं बरंचसं अंतर ते बैलगाडीनं आणि पायी आले होते. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, शेजारणी येऊन बघून गेल्या, हे प्रवासातल्या गमती सांगत बसले. सगळे हसले, मीही हसले.

त्याच संध्याकाळी भाकरी थापताना माझी छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या आल्या, परातीतलं पीठ दिसेना. वाटलं, आता आपण मरतो. हे पलीकडच्या खोलीत बसलेले होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता, आणि तरीही मला कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं.

पुढं कित्येकदा मी विचार केला की माणूस येत नव्हता तेव्हा मी कशी तग धरून राहिले आणि आल्यावर कशी कोसळले. पण तेव्हापासून घरातल्या कुणीही उंबरा ओलांडला की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. हे दुकानात जायचे, दुकान हाकेच्या अंतरावर, तरी मी काहीतरी निमित्त काढून दारात यायची. आत्याबाई देवळात गेल्या की माझं ताट तसंच राहायचं. सगळ्यात वाईट म्हणजे आनंदाच्या वेळीच भीती जास्त यायची. यांनी एखादं नवं लुगडं आणलं, मला ते आवडलं, की लगेच मनात यायचं, हे काही आपल्याला लाभायचं नाही. मग मी आवडलं असं म्हणायचंच सोडून दिलं. यांना वाटायचं, बायकोला कशाची हौसच नाही.

आत्याबाईंनी दृष्ट काढली. मग जंगमस्वामींना बोलावलं, त्यांनी विभूती लावली, मंत्र म्हटले. एका शेजारणीनं सांगितलं, पोर झालं की सगळं जाईल. दुसरी म्हणाली, ओढ्यापलीकडचं काहीतरी लागलंय. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि सगळ्यांनाच भ्यायची. खरं तर मला वेड लागत चाललंय असं वाटत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

शेवटी आत्याबाई मला हकीमसाबांकडं घेऊन गेल्या. पेठेच्या टोकाला त्यांचा दवाखाना. वय झालेलं, दाढी पांढरी, डोळ्यांत सुरमा. ते आमच्याकडं पाठ नाही आणि तोंडही नाही असे तिरके बसायचे, कारण समोर बायामाणसं. नाडी बघितली, जीभ बघितली, कसलासा खमीरा, म्हणजे गोड चाटण, दिला. त्यानं मला नुसते आंबट ढेकर आले. दुसऱ्यांदा अर्क दिला, त्यानं झोप आली पण स्वप्नं वाईट पडली. तिसऱ्या खेपेला त्यांनी औषधाची बाटली हातात घेतली आणि परत ठेवून दिली.

"बेटी, डर आता तो कहाँ आता? पेट में, के छाती में, के गले में?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "सांग की."

"आधी हाताला येतं," मी म्हणाले. "मग छातीत. मग वाटतं, श्वास पुरायला न्हाई."

"और जाता तो?"

"जातं तसं कळतच न्हाई. काम करता करता गेलेलं असतं."

त्यांनी पुढ्यातला खलबत्ता बाजूला सारला. मग आत्याबाईंना म्हणाले, "माँजी, इस बच्ची को घर में बंद नक्को रखो. बाहर लेको जाओ. जिस चीज में इसका दिल लगता, वो दिखाओ. हँसती तो हँसने दो, रोती तो रोने दो. और हर बाजार के दिन इधर लाओ."

नेमका त्याच सुमाराला स्टेशनाजवळच्या मैदानात सिनेमाचा तंबू पडला होता. कापूस विकून लोकांच्या हाती पैसा आला की दर वर्षी तो यायचा. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी रंगीत पाट्या बांधून डफडं वाजवत गावभर फिरवायचे. आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं. हे म्हणाले, "आपल्या घरच्या बायका तंबूत? लोक काय म्हणतील?"

आत्याबाई म्हणाल्या, "हकीमसाबनं दवा सांगितलीय. दवा घ्यायला लाजायचं असतंय का?"

मग पहिल्या खेळाला आम्ही गेलो. दिवस नुकताच मावळला होता. बायकांसाठी कनात लावून वेगळी जागा केली होती, खाली गोणपाट. मागं सिनेमाला वीज देणारं इंजिन धडधडत होतं, आणि त्या ठोक्यांत मला माझी छाती ऐकू येईना, हीच मोठी सुटका वाटली. सिनेमा हिंदुस्तानी बोलीतला होता. लाकडी खेळणी करणारा एक माणूस गाव सोडून शहरात कामाला जातो, तिथं त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो आणि तो तुरुंगात पडतो. इकडं बायको वाट बघते. गावचा मुखिया तिचं घर बळकावायला टपलेला. शेवटी ती दाराला कडी घालून गाव सोडायला निघते, तेवढ्यात लांब रस्त्यावर मुंगीएवढा ठिपका दिसतो, मोठा मोठा होत जातो, आणि तो तोच असतो.

मी पहिल्यांदा हे बघितलं, तेव्हा अर्धा वेळ डोळे मिटून होते. आत्याबाई कोपरानं ढोसायच्या, "बघ की, त्येला काय झालं न्हाई अजून." तो आला तेव्हा मी इतकी रडले की पुढं बसलेल्या बाईनं वळून पाणी दिलं.

घरी येताना मी म्हणाले, "आत्याबाई, पुन्हा बघायचाय."

"हाच?"

"हाच."

त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. पुन्हा नेलं, मग आणखी एकदा, मग आणखी. तो येणार हे ठाऊक असताना त्याची वाट बघण्यात एक वेगळीच गंमत होती. भीती यायची, पण तिचं टोक मला माहीत असायचं. शेजारणी कुजबुजायला लागल्या. एकीनं तोंडावर विचारलं, "एकच शिनेमा कितींदा बघायलाव माय?" आत्याबाई म्हणाल्या, "दवा काय एकदाच घेत्यात का?" आणि पुढं चालू लागल्या.

बाजारच्या दिवशी हकीमसाब मला सिनेमाची गोष्ट सांगायला लावायचे. त्यांनी स्वतः जन्मात सिनेमा बघितला नव्हता, बघणं बरंही मानत नव्हते. म्हणायचे, "दवा कडवी भी होती." पण ऐकताना खलबत्त्यातला त्यांचा हात थांबायचा. "फिर? मुखिया क्या बोला?" मुखियावर त्यांचा फार राग. मी सांगता सांगता अडखळले की ते विचारायचे, "औरत दरवाजा बंद करती, उस वखत तुमकू क्या होता?"

"वाटतं, तिनं अजून जरा थांबावं."

"कायकू?"

"तिला ठाऊक न्हाई ना. मला ठाऊक हाय."

"और घर में, तुमारा मरद दुकान कू जाता, उस वखत?"

घरात मला काहीच ठाऊक नसायचं. मग हळूहळू, खलबत्त्याच्या आवाजात, जालन्याच्या गाडीची गोष्ट सांगितली. केळ्यांची फणी, चिखल, सगळे हसत होते ते. आणि मनात आलेली एक गोष्ट सांगितली जी मला स्वतःलाही माहीत नव्हती: यांना दारात बघितलं तेव्हा माझ्या मनात आधी राग आला होता. आम्हाला एवढा घोर लावून हा माणूस हसतो कसा, असा. आत्याबाई शेजारी बसलेल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्या म्हणाल्या, "मलाबी आला होता. म्या केळंच खाल्लं न्हाई."

हकीमसाब तोंड फिरवून हसले. दाढी हलताना दिसली.

भीती गेली का? नाही. त्या हंगामात कमी झाली, मग पुन्हा वाढली. एक दिवस चांगला जायचा आणि दुसऱ्या दिवशी मला वाटायचं, कालचा दिवस चांगला गेला म्हणून आज नक्की काहीतरी होणार. असं ते चालू होतं.

तंबू उठायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शेवटचं म्हणून गेलो. गर्दी खूप होती, आसपासच्या गावांतून गाड्या जुंपून लोक आले होते. बाईनं दाराला कडी घातली. ती वळली. आता रस्ता दिसणार, तोच पडदा काळा झाला. मागचं इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं.

आधी शिट्ट्या, आरडाओरडा. मग कुणीतरी म्हणालं, इंजिन बिघडलं, आज काही होत नाही. अंधारात माझ्या हाताला मुंग्या आल्या. मला पक्कं ठाऊक होतं की तो येतो. इतक्या वेळा डोळ्यांनी बघितलं होतं. तरी माझं मन म्हणत होतं, आज नाही आला. मी आत्याबाईंचा हात धरला, नखं रुतली असतील.

आत्याबाईंनी हात सोडवून घेतला नाही. त्या मोठ्यानं बोलायला लागल्या, अगदी ओवी सुरू करावी तशा. "आगं बायांनो, कशाला वरडायलाव? म्या सांगते फुडचं. आता रस्त्यावर ठिपका दिसायलाय बघा. कोण हाय? तिचा धनी हाय."

आमच्या बाजूच्या बायका गप्प झाल्या. एक म्हणाली, "मग?"

"मग काय, रिकाम्या हातानं येतोय व्हय? म्हैस घेऊन यायलाय. दुभती."

सिनेमात म्हैस नव्हती. मला ते माहीत होतं, आत्याबाईंनाही माहीत होतं. "म्हैस बघून मुखिया म्हणतो, ही कुणाची? तर म्हैसच त्याला शिंग मारती. मुखियाचं धोतर शिंगात." बायका हसायला लागल्या. कनातीपलीकडं पुरुषांचाही गलबला थांबला होता, तिकडूनही हसू आलं. कुणीतरी ओरडलं, "आजी, धोतराचं काय झालं?" "धोतर म्हशीनं खाल्लं, बाबा. आता मुखिया कसा जायलाय घराकडं, ते तुमी इचार करा."

मीही हसले. छाती धडधडत होती, हात बधिर होते, आणि मी हसत होते. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. तोवर मला वाटायचं, आधी ही भीती जाईल, दार लागेल तिच्यामागं, आणि मग केव्हातरी सुखाचे दिवस येतील. मी त्यांची वाट बघत होते. त्या अंधारात मला कळलं की भीतीला आणि सुखाला एकाच गोणपाटावर बसायला जागा आहे. मोठं काही शोधल्यासारखं वाटलं नाही. एवढंच की त्या रात्री मी जेवले.

त्यानंतर दोनएक वर्षांनी सगळ्या मुलखाचाच जीव टांगणीला लागला. गणवेश घातलेली, हातात भाले-बंदुका घेतलेली माणसं रस्त्यांवरून फिरायला लागली. खेड्यांत जाळपोळीच्या बातम्या यायच्या. बरीच कुटुंबं निजामाच्या सरहद्दीपलीकडं निघून गेली. सिनेमाचा तंबू यायचा बंद झाला, दुकान अर्धं दार उघडून चालायचं. आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण त्या दिवसांत मी कधी नव्हते एवढी शांत होते. पाणी भरून ठेवत होते, पीठ दळून ठेवत होते. आत्याबाई घडीघडी दाराची कडी चाचपून यायच्या. त्या म्हणाल्या, "तुला भ्या वाटत न्हाई का गं?"

"वाटतंय की. पण आता सगळ्यांनाच वाटायलंय."

इतके दिवस मी एकटीच भीत होते आणि त्याबद्दल मला लाज वाटायची. आता बाजारातला प्रत्येक माणूस माझ्यासारखा वळून वळून बघत होता.

मग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. लोकांनी गूळ वाटला. पण भीती लगेच दुसऱ्या दारात जाऊन बसली. मुसलमानांच्या घरांना कड्या पडल्या. भलतंसलतं कानावर यायला लागलं. एका संध्याकाळी हे गेले आणि हकीमसाबांना आणि त्यांच्या बेगमला आमच्या घरी घेऊन आले. मागच्या कापडाच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या आड, ते काही दिवस राहिले. आत्याबाईंनी कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

मी जेवण घेऊन जायची. हकीमसाबांचा पाण्याचा पेला भरलेलाच राहायचा. बाहेर कुणी मोठ्यानं बोललं की त्यांचे डोळे दाराकडं जायचे. ते डोळे मला चांगले ओळखीचे होते. मला वाटलं, यांच्यासाठी आपण काहीतरी करावं. म्हणून मी उंबऱ्याबाहेर बसले आणि म्हणाले, "हकीमसाब, सिनेमाची गोष्ट सांगू का?"

त्यांनी मान हलवली. "नक्को बेटी. उस में वो लौट के आता."

मी उठणार होते, तोच त्यांच्या बेगमनं विचारलं, "तुमारे घर में आमटी में चिंच डालते, के आमसूल?" मी सांगितलं, चिंच. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडं कच्ची कैरी घालतात, सुकवून ठेवलेली. मग आम्ही दोघी बराच वेळ आमटीबद्दल बोललो. हकीमसाब ऐकत होते. कैरी कधी घालायची यावर त्यांचं बेगमशी पटलं नाही, आणि वाद घालता घालता त्यांनी पाणी पिऊन टाकलं.

थोडी शांतता झाल्यावर ते दोघं हैदराबादला नातेवाइकांकडं गेले. यांनी स्वतः गाडीत बसवून दिलं. ते सुखरूप पोचल्याचं पुढं एका व्यापाऱ्याकडून कळलं. तिकडंच एका गल्लीत ते पुन्हा दवाखाना चालवतात असंही तो म्हणाला. सेलूला ते परत आले नाहीत. त्यांच्या दवाखान्याच्या जागी काही दिवसांनी बांगड्यांचं दुकान झालं.

त्या हिवाळ्यात माझी भीती पुन्हा जुन्या घरी राहायला आली. सगळ्यांची शांत झाली, माझी नाही. एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "तुझी आई आजारी हाय म्हणून निरोप आलाय. त्येला दुकान सोडून जाता यायचं न्हाई. तू एकटी जातीस?"

लग्नानंतर मी एकटी कुठंच गेले नव्हते. मी नाही म्हणणार होते. तोंडातून "जाते" असं आलं. आत्याबाई पटकन म्हणाल्या, "येते म्हण."

त्या मला स्टेशनावर सोडायला आल्या. बायकांच्या डब्यात बसवलं, भाकरीचं गाठोडं मांडीवर दिलं, खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या. गाडी हलली तशा चार पावलं बरोबर चालल्या. पहिल्यांदाच मी जाणारी होते आणि मागं राहणारं माणूस मला दिसत होतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. आपण इतकी वर्षं घरातल्या माणसांना असंच तोंड करून निरोप देत आलो, हे मनात आलं, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले, "आत्याबाई, लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी फडताळात ठेवलीय!"

शेजारची बाई हसायला लागली. मानवत रोड स्टेशन येईपर्यंत माझे हात मुंग्यांनी भरलेले होते, मग तिच्याशी बोलता बोलता कधीतरी मोकळे झाले. परभणीला भाऊ गाडी जुंपून आला होता. आईचा ताप उतरला होता. आम्ही बोरीला पोचलो तेव्हा ती अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि मला बघताच म्हणाली, "एकटी आलीस? ये, बस. ह्या शेंगा घे अर्ध्या."